डायरीतला शेवटचा रकाना

कर्वेनगरहून एका अठरा वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. बारावी सायन्स झालंय, सीईटी देऊन झाली, मार्क बरे पडतील. घरात सगळ्यांनी धरून चाललंय की आता इंजिनिअरिंग. हिला मात्र 'लर्निंग अँड ऑर्गनायझेशनल चेंज' हा विषय घ्यायचा आहे. माणसं आणि संस्था नवं कसं शिकतात, कशा बदलतात, आणि बदलत नाहीत तेव्हा का बदलत नाहीत, याचा अभ्यास. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पदवीलाच हा मुख्य विषय म्हणून घेता येतो, असं एका सीनियरने सांगितलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यातून तो जात नाही. वडील भोसरीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं आहेत, सध्या सुपरवायझर. ते म्हणतात, "हे शिकवून येत नसतं, काम करून येतं. आधी इंजिनिअर हो, मग एमबीए कर, मग हेच कर." काका म्हणाले, उद्या चहा कसा करायचा याचीही डिग्री निघेल. आई म्हणते, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मुलीचे प्रश्न दोन : हा खरा विषय आहे का? आणि घरच्यांना पटवू कसं?

पत्राखाली ता. क. आहे. ती दोन वर्षं एका ढोल-ताशा पथकात आहे. आणि बाबांच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तरी बाबा अजून शर्टाच्या खिशात डायरी ठेवतात, त्यावरून आई त्यांना चिडवते.

*

तुझं पत्र मी उलटं वाचलं. ता. क. आधी डोळ्यात भरलं, मग वरचं वाचलं. खरं सांगू, वरच्या दोन पानांपेक्षा त्या चार ओळीच मला जास्त आवडल्या. त्यांच्याकडे येतेच, पण आधी काकांचा निकाल लावू. काकांना उत्तर देऊ नकोस. असा एक काका पुण्यात घरटी एक वाटून दिलेला असतो. त्याला चहा नेऊन दे, विषय संपला.

हा खरा विषय आहे का, तर हो. विद्यापीठात त्याला नाव मिळालं त्याच्या पुष्कळ आधीपासून आहे. एक उदाहरण स्वयंपाकघरातलंच देते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जात होतं. लोकांनी काळीज, गुर्दे असले भाग खावेत अशी सरकारची इच्छा, पण बायका ते घरात आणायला तयार नव्हत्या. कर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले. त्यांनी रेडक्रॉसचं काम करणाऱ्या गृहिणींचे गट घेतले. काही गटांना छान व्याख्यान दिलं : जीवनसत्त्वं, बचत, देशसेवा, शिवाय पाककृती छापून हातात. बाकीच्या गटांमध्ये तेवढ्याच वेळात बायकांना आपसात बोलायला लावलं. घरात काय अडचण येईल, नवरा काय म्हणेल, वास येतो त्याचं काय करायचं. शेवटी 'कोण करून बघणार' म्हणून हात वर करायला सांगितले. नंतर चौकशी केली, तर व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला असा पदार्थ करून पाहिला होता. बोललेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी.

हे ३ आणि ३२ लक्षात ठेव. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला ते लागणार आहेत.

तुला वाटत असेल की हे सगळं तिकडचं. मग अहमदाबादला चल. १९५३ साली तिथल्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले आणि उत्पादन काही अपेक्षेइतकं वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेतून ए. के. राइस नावाचे अभ्यासक आले. त्यांना दिसलं ते असं : एका शेडमध्ये पंचवीस-तीस कामगार, आणि त्यांच्या कामांना डझनभर वेगवेगळी नावं. कोणी तुटलेला धागा जोडणारा, कोणी बॉबिन बदलणारा, कोणी तेल देणारा. माग बंद पडला की प्रत्येकाचं काम दुसऱ्यावर अडलेलं, आणि तो माग चालवणं ही जबाबदारी कोणाचीच नाही. राइसनी सुचवलं की छोटे गट करा आणि ठराविक माग पूर्णपणे एका गटाकडे द्या. कामगारांनी ती कल्पना लगेच उचलली आणि गट आपले आपण पाडले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. यंत्र तेच, माणसंही तीच.

पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. राइसचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये तिथे परत पाहायला गेले. एका ठिकाणी गटाची पद्धत अजून टिकून होती, दुसरीकडे गाडी जुन्या वळणावर गेली होती. बदल का होत नाही, आणि झालेला बदल का टिकत नाही, या दोन प्रश्नांभोवतीच तुझा विषय फिरतो. चहाच्या डिग्रीपेक्षा थोडा अवघड आहे.

आता बाबांचं वाक्य घेऊ. 'शिकवून येत नाही, काम करून येतं.' तुला वाटलं बाबा विषय उडवून लावतायत. बाबांनी न वाचता या विषयातला एक मोठा सिद्धांत सांगितला आहे! जीन लाव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये एका छोट्या पुस्तकात हेच मांडलं. लाव्हबाई आफ्रिकेत लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकाऊ पोरं कशी शिकतात ते पाहत होत्या. तिथे पोराला आधी कापायला देत नाहीत. आधी काज-बटण, दुमड, इस्त्री, म्हणजे कपड्याची शेवटची कामं. मग शिलाई. कात्री सगळ्यात शेवटी. बटण लावून लावून तयार कपडा कसा दिसतो हे डोळ्यात बसलेलं असतं, आणि चुकलं तरी कापड वाया जात नाही. धडा म्हणून कोणी काही शिकवत नाही, तरी पोरगं शिंपी होतं.

तू लिहिलं आहेस की पथकात पहिले पंधरा दिवस तुला टिपरू हातातच घेऊ दिलं नाही, नुसते ढोल ताणायला लावले. नदीकाठी संध्याकाळी बसून दोऱ्या ओढायच्या, हाताला फोड. तेव्हा तुला राग आला होता. पण ताणता ताणता कुठल्या ढोलाचं पान सैल आहे हे कानाला कळायला लागलं होतं का? लागलं असेल, तर लायबेरियातलं पोरगं आणि तू एकाच वर्गात होतात.

म्हणजे बाबा बरोबर आहेत आणि तूही बरोबर आहेस. काम करून येतं, हे खरं. पण कोणाला येतं, कोणाला येत नाही, पथकात पहिल्या आठवड्यात पळून जाणारी पोरं का पळतात, हे ढोल वाजवून आपोआप कळत नाही. त्यासाठी थोडं बाजूला उभं राहून बघावं लागतं. अभ्यास लागतो तो इथे.

आता डायरी. यासाठी मला माझी एक चूक सांगावी लागेल, आणि ती सांगायला मला अजून लाज वाटते. या सदराच्या आधी मी बरीच वर्षं एका कारखान्यात ट्रेनिंग विभागात होते. नाव सांगत नाही. तिथे कॉम्प्युटरची नवी प्रणाली आली. शॉप फ्लोअरवर पडदे बसले, मी सगळ्या शिफ्टना ट्रेनिंग दिलं, हजेरीपत्रकावर सह्या घेतल्या, वरती रिपोर्ट पाठवला : प्रशिक्षण पूर्ण. तीन महिन्यांनी पाहते तो काय, एकूण एक सुपरवायझरच्या खिशात वही! पडद्यावर भरायचं ते भरायचे, आणि खरं काय ते वहीत. मला तो माझा अपमान वाटला. मी वरून नोटीस काढवली की खाजगी वह्या बंद. माणसं समजूतदार होती, त्यांनी वह्या घरी ठेवल्या. दीड-दोन महिन्यांत रात्रपाळीचा स्क्रॅप वाढायला लागला आणि कोणाला कारण सापडेना.

शेवटी एका जुन्या फोरमननी मला बाकावर बसवून त्यांची वही दाखवली. चार रकाने आखलेले. मशीन, वेळ, नग, आणि चौथा 'का'. त्या चौथ्यात बारीक अक्षरात : 'बेल्ट ओरडतो', 'कास्टिंग कडक आलं', 'पोरगा नवीन', 'लाइट गेली, परत सेट केलं'. पडद्यावर मशीन थांबण्याची सहा कारणं होती आणि सातवं 'इतर'. सगळे 'इतर' दाबत होते. पाळी बदलताना पुढच्या सुपरवायझरला ती वही दाखवली जायची, आणि ती मी बंद केली होती.

माझं जे राहून गेलं त्याला क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अभ्यासकांच्या जोडीने १९७०च्या दशकातच नाव दिलं होतं, डबल लूप लर्निंग : नुसती चूक दुरुस्त न करता मुळातला नियमच तपासून बघणं. गीझरचं उदाहरण घे. पाणी साठ अंशांखाली गेलं की गीझर चालू होतो, वर गेलं की बंद. तोही शिकल्यासारखंच वागतो, पण साठच का, हे तो स्वतःला कधी विचारत नाही. मी त्या गीझरसारखी होते. वह्या दिसल्या, वह्या बंद केल्या. पडद्यावर चौथा रकाना का नाही, हा प्रश्न मला सुचलाच नाही. तो मला एका दहावी झालेल्या फोरमननी शिकवला. आर्गिरिस मी त्यानंतर वाचला. आधी वाचला असता तर ती नोटीस निघाली नसती, असं मला वाटतं. खात्री नाही.

आता व्यवहार.

'आधी इंजिनिअरिंग, मग एमबीए' हा सल्ला मूर्खपणाचा नाही. इंजिनिअरला शॉप फ्लोअरवर पाऊल ठेवायला मिळतं, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, घरखर्चाला लागेल इतकी नोकरी बहुतेक मिळते. या सल्ल्यात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे मधली चार वर्षं फुकट आहेत. ज्या मुलीला थर्मोडायनॅमिक्सपेक्षा माणूस बघायला आवडतो, ती ती चार वर्षं केटी सोडवण्यात घालवते आणि बाहेर येते तेव्हा तिचं कुतूहल मेलेलं असतं. मी अशी मुलं खूप पाहिलीत. तुला गणित खरंच आवडत असेल, तर इंजिनिअरिंगचा रस्ता तुझ्यासाठी वाईट नाही. प्रोडक्शन किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमधून या विषयात येता येतं. आवडत नसेल तर 'सेफ' म्हणून घेऊ नकोस. हा प्रश्न स्वतःला एकांतात विचार, काकांसमोर नको.

तूही एक गृहीत धरलं आहेस. नॉर्थवेस्टर्नला विषयाचं नाव आहे, म्हणजे विषय तिथेच आहे. तो अभ्यासक्रम चांगला आहे यात शंका नाही, आणि त्यात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे : तिथे तो बिझनेस स्कूलमध्ये नाही, शिक्षण आणि सामाजिक धोरण यांच्या स्कूलमध्ये आहे. म्हणजे कंपनी, शाळा, दवाखाना, सरकारी खातं, सगळीकडे माणसं कशी शिकतात असा तो प्रश्न आहे. शिवाय पदवीच्या काळातच प्रत्यक्ष संस्थेत काम करणं बंधनकारक आहे, त्याला ते प्रॅक्टिकम म्हणतात. पण राहण्या-जेवणासकट तिथला खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातो. चार वर्षांचे अडीच कोटी रुपयांच्याही पुढे जातात. आईचं पैशाचं सोंग इथे आडवं येतं, आणि ते यायलाच हवं. पदवीसाठी घर गहाण टाकू नका, हे मी कोणालाही सांगते. शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर अर्ज कर. मात्र दोन गोष्टी आधी विचारून घे. परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत असेल तर ती प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मागावी लागते का. आणि पदवी अमेरिकी सरकारच्या स्टेम यादीत, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या यादीत, बसते का. स्टेम नसेल तर शिक्षणानंतर तिकडे काम करायला साधारण एक वर्ष मिळतं, असेल तर आणखी दोन. कर्ज घेणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा असतो.

नाव बाजूला ठेव आणि आत काय आहे ते बघ. मानसशास्त्र, थोडं समाजशास्त्र, थोडं शिक्षणशास्त्र, आकडे वाचण्यापुरतं संख्याशास्त्र, आणि मुलाखत घेणं-निरीक्षण करणं याची सवय. यातलं बहुतेक पुण्यात मिळतं. कुठल्याही चांगल्या कॉलेजात मानसशास्त्राची पदवी आहे, सायन्सवाल्यांना आर्ट्सला प्रवेश मिळतो, आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर मुख्य विषयाबरोबर दुसरा विषय जोडून घेता येतो, चौथं वर्ष संशोधनासाठी ठेवता येतं. सिम्बायोसिस किंवा फ्लेमसारख्या खाजगी ठिकाणी विषयांची निवड मोकळी आहे, फी भरपूर आहे. प्रवेशाच्या दिवशी तिथल्या शिक्षकांना विचार, 'विद्यार्थी बाहेर कुठल्या संस्थेत काम करतात आणि किती आठवडे?' उत्तर देताना चाचपडले, तर समजून जा.

पदवीनंतर लगेच कोणी तुला 'बदल घडवणारी अधिकारी' म्हणून नेमणार नाही. हा विषय घेणाऱ्या मुलांना इथे सुरुवातीला ट्रेनिंग को-ऑर्डिनेटर, एचआर एक्झिक्युटिव्ह, संस्थेत प्रोग्राम असोसिएट, ऑनलाइन कोर्स तयार करणारी असल्या नावांच्या नोकऱ्या मिळतात, आणि पहिला पगार पाहून काका खूश होणार नाहीत. वर जायला भारतात बहुधा मास्टर्स लागतं. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस किंवा जमशेदपूरची एक्सएलआरआय यांचे मनुष्यबळाचे अभ्यासक्रम जुने आणि मानाचे आहेत. तिथे कॉमर्सची, आर्ट्सची, इंजिनिअरिंगची, सगळी मुलं एका बाकावर बसतात. म्हणजे एमबीएच्या वयात बाबांचा रस्ता आणि तुझा रस्ता एकाच दारात येऊन मिळणार आहेत. भांडण मधल्या चार वर्षांचं आहे. घरात तसंच सांग, निम्मा ताण उतरेल. तुझ्यासारखीच पत्रं मला दरवर्षी मे-जूनमध्ये येतात, विषय वेगवेगळे, भांडण हेच.

आणखी एक. संस्था म्हणजे काचेच्या इमारतीतली कंपनी, असं तुझ्या पत्रातून वाटतं. तुझ्या सोसायटीच्या फाटकावर रोज सकाळी जी कचरावेचक ताई येते, तिला कधी विचारलंस का? पुण्यात १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायकांची संघटना. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेबरोबर करार करून त्या बायका घरोघरी कचरा घ्यायला लागल्या. विचार कर, त्या बाईला काय काय नवं शिकावं लागलं असेल. ठराविक वेळेला यायचं, ओला-सुका वेगळा मागायचा, दारात उभं राहून महिन्याचे पैसे मागायचे, आणि न देणाऱ्या साहेबाशी भांडायचंही. आपल्यालाही शिकावं लागलं, डबा वेगळा ठेवायला. आमच्या मजल्यावर अजून सगळ्यांना जमलेलं नाही. तुझ्या विषयाचं इतकं सरस उदाहरण दाराशी येतं आणि आपण त्याच्या हातात पिशवी देऊन दार लावतो.

प्रवेशाचा निर्णय व्हायला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्यात एकच संस्था निवड आणि तिच्यावर एक वही लिही. पथकच घे. सराव सुरू होतोच आहे. लिहिताना डाव्या पानावर नियम काय ठरला ते, उजव्या पानावर प्रत्यक्ष काय झालं ते. या वर्षी हजेरी मोबाइलवर घ्यायची ठरली असं तू लिहिलंस, आणि जुनी मुलं तरी कागदावरच सह्या करतात म्हणून तुम्ही कमिटीवाल्या चिडलात. चिडू नकोस, बघ. त्या कागदाभोवती ती मुलं दहा मिनिटं का रेंगाळतात? तिथे काय बोलणं होतं? पंधरा दिवसांत वही भरायचा कंटाळा आला तर उत्तर मिळालं, विषय तुझा नाही, आणि अडीच कोटी वाचले. कंटाळा नाही आला, तर प्रवेशाच्या अर्जात, मुलाखतीत ती वही तुझ्या मार्कांपेक्षा जास्त कामाला येईल.

राहिला प्रश्न पटवण्याचा. तुझा बेत मला दिसतो आहे. रविवारी जेवणानंतर बाबांना लॅपटॉपसमोर बसवायचं, स्लाइड दाखवायच्या, पगाराचे आकडे, विद्यापीठाचा क्रमांक. म्हणजे व्याख्यान. आकडा आठवतो ना? ३ टक्के.

त्याऐवजी शनिवारी, कंपनीच्या बसमधून उतरून बाबा घरी आले आणि हातपाय धुऊन खुर्चीत बसले की त्यांना ती डायरी मागून घे. लॅपटॉप नको, विषयाचं नाव नको, कर्ट लेविन तर नकोच. एकच पान उघड आणि विचार, हे काय लिहिलंय? मग गप्प बस. बाबा आधी म्हणतील, 'काही नाही गं, असंच.' तरी थांब. सव्वीस वर्षांत घरातल्या कोणी हे विचारलं नसेल, त्यामुळे सुरुवात व्हायला वेळ लागेल. कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा पहिल्या आठवड्यात काय झालं, कोणी कोणाला शिकवलं, कोणी सोडून गेलं, तेही विचार. आईलाही तिथेच बसू दे, चिडवलं तर चिडवू दे.

आणि त्या डायरीत रकाने किती आहेत आणि शेवटचा कशाचा आहे, ते मला कळव.